हिमालय वर्गात शिकवताना

शालेय अभ्यासक्रमात पर्वत भूगोलाच्या पुस्तकात येतो आणि प्राणी विज्ञानाच्या, त्यामुळे हिमालयाची उंची आणि त्या उंचीवर जगणाऱ्या जिवांची शरीररचना यांतील कार्यकारणसंबंध विद्यार्थ्यांसमोर क्वचितच येतो. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, लांग्झा गावाच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर ॲमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचे जीवाश्म, म्हणजे खडकात टिकून राहिलेले अवशेष, सापडतात. अशा जीवाश्माची साधी प्रतिकृती जरी हाती आली आणि वेटोळ्या शंखावरचे कंगोरे बोटांना लागले, तरी समुद्रातला जीव डोंगरावर कसा, हा प्रश्न मुले स्वतःहूनच विचारतात. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट, म्हणजे भूकवचाचा सरकता प्रचंड तुकडा, युरेशियन भूपट्टाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ घड्या पडत वर उचलला गेला, हे त्या प्रश्नाचे उत्तर होय; एव्हरेस्टचा माथासुद्धा सागरी चुनखडकाचाच आहे.

धड्याचा पुढचा भाग याच उंचीतून उलगडावा. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो आणि दर किलोमीटरमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणून याकची मोठी फुप्फुसे व दाट अंतर्लोकर, किंवा कड्यांवर तोल सावरणारी हिमबिबट्याची लांब शेपूट, ही नुसती पाठ करण्याची यादी राहत नाही. लोकर उष्णता निर्माण करते, हा मुलांचा पक्का समज असतो; सारख्याच गरम पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक लोकरीत गुंडाळून अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान मोजले, की लोकरीतली बाटलीही निवते, फक्त सावकाश, म्हणजेच लोकर उष्णता निर्माण करत नाही, केवळ हवा अडवून ती राखते, हे तापमापीच दाखवते. थंडी वाजली म्हणून प्राण्याने केस वाढवले, हा समज मात्र अधिक चिवट आहे, आणि पाठ्यपुस्तकांची सैल भाषाच तो पोसते. ज्या जिवांत उपयुक्त गुण जन्मतःच होते ते अधिक प्रमाणात तगले आणि तो गुण पिढ्यान्‌पिढ्या पसरला, यालाच अनुकूलन म्हणतात.

अशाच अनुकूलनामुळे हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकदंब हंसाचे हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवते आणि हाच पक्षी हिवाळ्यात उजनी जलाशयावर उतरतो. या जलाशयाकाठच्या भिगवणला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तो नुसता दाखवू नये. तो कोणते पर्वत ओलांडून आला आणि ते पर्वत कसे उभे राहिले, हेही तेथेच, पाण्याच्या काठावर सांगावे.