धावती होडी आणि समुद्राचा तळ



समुद्राचा तळ नाखव्याला दिसत नाही. तो ऐकावा लागतो. त्यासाठी होडीच्या मागच्या फळीला, पाण्याखाली, साबणाच्या वडीएवढा ट्रान्सड्यूसर बसवितात. तो ध्वनीचा ठोका खाली सोडतो आणि प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तेव्हा ३० मीटर खोल तळाचा निरोप ०.०४ सेकंदात वर पोहोचतो. वाटेत मासळीचा थवा असला तर तोही कळतो. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली असे मासेशोधक यंत्र बाजारात आणले. आज ते आपल्या कोकणातील होड्यांवरही आहे.

पुष्कळदा असे घडते, की उभ्या होडीत यंत्र अचूक खोली सांगते आणि वेग घेताच पडदा कोरा होतो. दोष यंत्राला दिला जातो. खरा अपराधी असतो हवा. वेगाने तळाखालून बुडबुडे ओढले जातात, आणि पाण्यातील ध्वनीला हवेचा पातळ थरही भिंतीसारखा अडवितो. यंत्राची संवेदनक्षमता वाढविल्याने ती भिंत पडत नाही. पडद्यावरचा गोंधळ मात्र वाढतो.

उपाय जागेत आहे. तळावरच्या पट्ट्या व रिव्हेटे यांच्या मागे ट्रान्सड्यूसर बसवू नये. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा एकच पंखा असेल, तर उजवी बाजू निवडावी व पंख्यापासून अंतर राखावे. फायबरच्या होडीत त्याचे तोंड तळाच्या सुमारे ३ मिलिमीटर खाली ठेवून आरंभ करावा. मागची कड किंचित खाली झुकवावी, म्हणजे पाणी तोंडाला चिकटून वाहते. झुकाव फार झाला तर तो स्वतःच बुडबुडे निर्माण करतो. फार खाली उतरविला तर मागे कारंजे उडते. एका वेळी एकच बदल करावा, मोकळ्या पाण्यात हळूहळू वेग वाढवावा, आणि कोणत्या वेगाला तळ हरवतो ते लिहून ठेवावे.

एवढा खटाटोप मासळीसाठीच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तळ हरवला तरी काही यंत्रे शेवटचा आकडाच लुकलुकत ठेवतात. तिन्हीसांजेला खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा पुढे असताना तो आकडा खरा मानणे जिवावर बेतेल. म्हणून ज्या वेगाला यंत्राची परीक्षा झालेली नाही, त्या वेगाने उथळ पाण्यात शिरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.