न बोललेल्या प्रेमाची किंमत कोण मोजतं?

(गटाच्या मासिक चित्रपट-बैठकीत 'सिरानो द बर्जराक' दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

दिवे लागले तेव्हा बऱ्याचजणी पदरानं डोळे टिपत होत्या. रडू यावं असाच हा चित्रपट आहे. चर्चेला सुरुवात करण्याआधी मी एवढंच विचारणार आहे, की आपण रडलो ते कुणासाठी?

एदमों रोस्ताँचं हे पद्यनाटक पॅरिसच्या रंगभूमीवर १८९७ च्या डिसेंबरात आलं. आज आपण पाहिला तो झाँ-पॉल राप्नो यांचा १९९० चा फ्रेंच चित्रपट. तलवारबाजी, घोडे, वेढा, चांदण्यातला सज्जा, सगळं त्यात आहे. सिरानोच्या भूमिकेसाठी जेरार देपार्द्यूला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. याच नटाला मे २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं, २०२१ सालच्या एका चित्रीकरणात दोन स्त्रियांवर लैंगिक हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवलं. त्यानं त्यावर अपील केलं. हे बाजूला सारून नव्हे, तर लक्षात ठेवूनच आपण हा चित्रपट पाहिला.

कथेचा गाभा साधा आहे. सिरानो शूर आहे, कवी आहे, पण त्याचं नाक भलंमोठं. आपल्यावर कोण प्रेम करणार, या भीतीनं तो रोक्सानजवळ मन उघडं करत नाही. देखणा क्रिस्तियाँ तिच्यावर भाळलेला, पण त्याला धड बोलता येत नाही. मग शब्द सिरानोचे आणि चेहरा क्रिस्तियाँचा, असा सौदा ठरतो. आपल्याकडे 'साजन'मध्ये (१९९१) हाच धागा आला होता.

सिरानोची भीती मी खोटी म्हणणार नाही. रूपावरून माणसाची किंमत ठरवणं काय असतं, हे दाखवून घेण्याच्या कार्यक्रमाला बसलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. पण त्या सौद्याच्या वेळी रोक्सान कुठे होती? जिच्याबद्दल ठरलं तिला कुणी विचारलं?

सज्ज्याचा प्रसंग आठवा. अंधारात खालून सिरानो बोलतोय. त्या शब्दांनी ती हलून जाते आणि चुंबनाला होकार देते. वर चढतो मात्र क्रिस्तियाँ. प्रेक्षकांना त्यात सिरानोचं दुःख दिसतं. मला तिचा होकार दिसतो. तो दिला एकाला आणि घेतला दुसऱ्यानं. पूर्ण माहिती नसताना घेतलेल्या होकाराला होकार म्हणायचं का?

रोक्सान भोळी होती, शब्दांवर भाळली, असं म्हणून तिला मोडीत काढू नका. सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मादाम द राम्बुये यांच्यासारख्या स्त्रियांनी आपल्या दिवाणखान्यात साहित्यिकांना बोलावून चर्चा घडवल्या. तिथे स्त्रियांनी भाषेला वळण दिलं, पुरुषांनी सभ्यपणे बोलावं असा आग्रह धरला. पुढे १६५९ मध्ये मोलियेरनं अशा बायकांवर प्रहसन लिहिलं. रोक्सान त्याच वातावरणातली. चांगली भाषा मागणं हा तिचा नखरा नव्हता, ती तिची अट होती.

आणि ती किती धडाडीची आहे पाहा. आपलं प्रेम सिरानोजवळ सरळ बोलून दाखवते ती हीच. द गीशसारखा सत्ताधारी मागे लागलेला असताना त्याला चकवून घटकाभरात लग्न लावून घेते. आरासच्या वेढ्यात शत्रूच्या फळीतून गाडी हाकत उपाशी सैनिकांसाठी खाणं घेऊन पोचते. जिथे जिथे तिला खरं माहीत आहे, तिथे तिथे ती निर्णय घेते. ती अडते फक्त एका ठिकाणी, जिथे तिच्यापासून लपवलेलं आहे.

गंमत अशी, की हे ओळखतो तो ज्याला सगळे मठ्ठ समजतात तो क्रिस्तियाँ. रूप नसतं तरी प्रेम केलं असतं, असं ती म्हणाल्यावर तो सिरानोला बजावतो, तिला सगळं सांग, निवड तिला करू दे. सबंध कथेत हे म्हणणारा तो एकटाच. पण त्याला गोळी लागते. मरणाऱ्याला धीर द्यावा म्हणून सिरानो त्याच्याशी खोटं बोलतो, आणि मृताची आठवण डागाळू नये म्हणून रोक्सानपुढे गप्प राहतो.

पंधरा वर्षं! दर शनिवारी तो मठात येतो, तिला गावच्या बातम्या सांगतो. ती काळ्या वस्त्रांत, ते शेवटचं पत्र उराशी धरून बसलेली. ज्याच्या शब्दांसाठी ती शोक करते आहे, तोच समोरच्या खुर्चीत बसला आहे. अंधार पडल्यावरही तो ते पत्र वाचत राहतो, तेव्हा तिला उमगतं, आणि तो तर मरणाच्या दारात. लोक म्हणतात, काय त्याग! त्याग त्यानं केला हे खरं. पण स्वतःच्या वर्षांबरोबर तिची वर्षंही त्यानं परस्पर देऊन टाकली.

'तुझ्या भल्यासाठीच सांगितलं नाही.' हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? वडिलांचं दुखणं, नवऱ्याची सुटलेली नोकरी, जमिनीच्या कागदावर घेतलेली सही. लपवणाऱ्याच्या मनात माया असेलही. पण मायेनं लपवलं तरी निर्णय बाईच्या हातून गेलेला असतोच.

म्हणून मला वाटतं, न बोललेल्या प्रेमाला आपण इतकं डोक्यावर घेऊ नये. बोलून नकार मिळाला असता तर सिरानोला दुःख झालं असतं. पण तो नकार रोक्सानचा असता, आणि कदाचित तो होकारही असता.

मला वाटलं ते मी मांडलं. सगळ्यांना पटेलच असं नाही. आता तुम्ही बोला.