पाणी, शीड आणि प्रकाश



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, वाङ्मय या विषयांवर विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. तेथे आमच्यासारख्या हौशी छायाचित्रकाराला उभे करून चालकांनी धाडसच केले आहे. विषयही लहानसाच : उन्हात चमकणाऱ्या पाण्यावरील शिडाच्या होडीचे कृष्णधवल छायाचित्र. परंतु या लहान विषयात आमची एक मोठी चूक गुंतलेली आहे. तिच्यापासूनच आरंभ करतो.

१९७४ च्या डिसेंबरात आम्ही दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर गेलो होतो. दुपार कलली होती. समोर सुवर्णदुर्ग, त्यामागे झगझगणारा समुद्र, आणि त्या झगझगाटातून शीड फुगवून एक होडी येत होती. उन्हाने ते शीड आतून पेटल्यासारखे दिसत होते. आम्ही प्रकाशमापक समुद्राकडे धरला, त्याने सांगितले ते निमूटपणे मानले आणि बारा चित्रांचा अख्खा रोल संपवला.

महिन्याभराने एक चित्र घेऊन त्या होडीच्या वृद्ध तांडेलाकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “मास्तर, ह्यो फोटू रातचा काय?” मग बोटाने शिडावर काहीतरी शोधू लागले. त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेले ठिगळ ते शोधत होते. ते कोठून दिसणार? शीड कोळशासारखे काळे उतरले होते. “पुढच्या वर्षी चांगला काढून देतो,” असा शब्द देऊन आम्ही परतलो.

असे का झाले, ते आधी पाहू. समुद्रावरची प्रत्येक लहान लाट म्हणजे एक आरसा असतो आणि प्रत्येक आरशात एक सूर्य असतो. प्रकाशमापक मात्र भोळा. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करडे आहे, असे तो धरून चालतो. त्याला हजारो सूर्य दाखवले की तो म्हणतो, “प्रकाश फार आहे, छिद्र लहान करा.” आपण त्याचे ऐकतो. मग पाणी करडे होते, आणि होडी व शीड अंधारात बुडतात.

या फसगतीत आम्ही एकटे नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६ साली समुद्रावरील एका गलबताचे चित्र काचेच्या निगेटिव्हवर घेतले. ते घेतले दिवसाच. पण पाहणाऱ्या अनेकांना ते चांदण्यातले वाटले. फरक इतकाच की, त्यांच्या चित्रातला अंधार सुंदर होता, आमच्यातला नुसता अज्ञानाचा होता! त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या असत; समुद्र नीट उतरला तर आकाश कोरे पांढरे पडे. म्हणून आपल्या काही सागरचित्रांत ल ग्रे यांनी आकाशाची एक आणि पाण्याची एक, अशा दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र छापले.

आता उपाय. छापील कागदावर सर्वांत पांढरे आणि सर्वांत काळे यांतले अंतर फार तर शंभर पटींच्या आसपास असते. समुद्रावरच्या चकाकीत ते हजारो पटींचे असते. सगळेच कागदावर मावणार नाही. काय सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. चकाकीचे ठिपके कोरे पांढरे गेले तर बिघडत नाही. ते पांढरेच असायला हवेत. पण शिडाची वीण, शिवणी आणि ठिगळ राहिले पाहिजे. यासाठी मापक समुद्राकडे न धरता, आपला तळहात शिडासारख्याच सावलीत धरून त्यावर माप घ्यावे. तळहात मध्यम करड्याहून साधारण एक पायरी उजळ असतो, म्हणून मापाहून एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. शीड उन्हातून पाहिले की एकेरी कापड उजळते आणि दुहेरी ठिगळ गडद दिसते. तेच तर चित्र!

सूर्य आपल्या पाठीशी असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा पिवळी किंवा लाल काच भिंगापुढे लावली की निळे आकाश गडद होते आणि पांढरे शीड उठून दिसते. सूर्य समोर असताना मात्र ही काच चकाकी काढून टाकू शकत नाही. ध्रुवक काच चकाकी कमी करते, पण बेताने वापरावी; चकाकी अगदीच गेली, तर पाणी मेल्यासारखे दिसते. आणि आज डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, तेथे एकदा कोरा पांढरा पडलेला भाग पुन्हा हाती लागत नाही. म्हणून थोड्या कमी-अधिक प्रकाशाची दोन-तीन चित्रे घ्यावीत.

हे सारे शिकून १९७५ च्या अखेरीस आम्ही पुन्हा हर्णैला गेलो. होडी होती, तांडेलही होते. पण होडीत यंत्र बसले होते. शीड कोठे, असे विचारले, तर त्यांनी परसाकडे बोट दाखवले. पावसाळ्यात लाकडांवर झाकायला ते कापले होते. ठिगळ तेवढे दिसत होते.

यंत्र आले याचे आम्हाला दुःख नाही. वारा पडला म्हणून ज्यांना भर समुद्रात ताटकळावे लागले, त्यांना यंत्राची किंमत विचारावी. दुःख आहे ते दिलेला शब्द राहिल्याचे. म्हणून तरुण मित्रांना एवढेच सांगणे : आपल्या गावात जे मावळतीला लागले आहे, त्याचे चित्र आजच घ्या, आणि घेण्यापूर्वी प्रकाश नीट मोजायला शिका. प्रकाश पुन्हा येतो. शीड येईलच असे नाही.