कोणती माशी, कोणता आजार

आज मी ज्या कीटकाविषयी बोलणार आहे, तो डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. वाळूमाशी, म्हणजेच सँडफ्लाय. अंगावर केस, बसल्यावर पंख वर उभारलेले, उडणं कसलं, टुणटुण उड्याच. नावात वाळू असली तरी आपल्याकडे ती गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात, मातीच्या भिंतीच्या भेगांत राहते. डासाला साचलेलं पाणी लागतं. हिच्या अळ्या शेण-पाचोळा मिसळलेल्या दमट मातीत वाढतात. म्हणून डबकी बुजवून हिचा बंदोबस्त होत नाही.

जगात वाळूमाश्यांच्या जवळजवळ हजार जाती आहेत. लीशमेनिया या परजीवीचा प्रसार करणाऱ्या जाती शंभराच्या आतबाहेर. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच असायला हवा: इथली माशी कोणत्या जातीची?

हा प्रश्न सुटायला वेळ लागला. १९०३ साली लीशमन आणि डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे काळा आजार घडवणाऱ्या लीशमेनियाचं वर्णन केलं. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन हे औषध शोधलं आणि असंख्य जीव वाचले. पण रोग माणसातून माणसात पोचतो कसा, हे सिद्ध होईना. संशय फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या जातीवर होता. प्रयोगात मात्र माश्या दुसऱ्यांदा रक्त पिण्याआधीच किंवा पिताना मरत. मग रुग्णाचं रक्त प्यायलेल्या माश्यांना मनुका खायला दिल्या. त्या जगल्या आणि त्यांच्या शरीरात परजीवी भरपूर वाढले. अशाच माश्या स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना चावू दिल्या आणि त्यांना काळा आजार झाला. हे सिद्ध केलं स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी, १९४२ साली. माशी जगते कशी, खाते काय, हे कळलं तेव्हाच रोगाचं कोडं सुटलं.

आता जातींमुळे पडणारा फरक पाहा. बिहारमध्ये अर्जेंटिपेस गोठ्याला आणि घराला धरून राहते. तिथे लीशमेनिया डोनोव्हनी पोटात शिरतो; महिनोन्‌महिने ताप, फुगलेली पानथरी, रक्त आटलेलं, आणि उपचार नसेल तर बहुधा मृत्यू. बिकानेरकडे फ्लेबोटोमस सर्जेंटी लीशमेनिया ट्रॉपिका पसरवते. तिथे जखम कातडीवरच राहते. मरुभूमीत पापाटासी जातीची माशी उंदरांच्या बिळांतला लीशमेनिया मेजर माणसापर्यंत आणते. बिळांतला रोग आवरायचा तर केवळ घराच्या भिंतींवर फवारणी करून भागणार नाही. केरळच्या सह्याद्रीतल्या आदिवासी वस्त्यांत आणि श्रीलंकेत तर डोनोव्हनीच कातडीवर व्रण उठवतो. म्हणजे माशी आणि परजीवी, दोघांचीही ओळख पटल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

महाराष्ट्रालाही हे परकं नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात एक नवा विषाणू सापडला, आणि पुढे औरंगाबाद भागातल्या वाळूमाश्यांमध्येही तो आढळला. २००३ साली विदर्भातल्या आणि आंध्रातल्या मुलांचे त्याने बळी घेतले. आजार वेगळा, पण तो पसरवणारी माशी त्याच कुळातली. आपल्या गावातल्या माश्यांची नोंद ठेवणं म्हणूनच बिहारइतकंच आपलंही काम आहे.

इतिहासाने एक धडा दिला आहे. मलेरियासाठी १९५३ पासून घरोघर डीडीटी फवारली गेली. भिंतीवर टेकणारी अर्जेंटिपेस तिच्यात मेली आणि काळा आजारही जवळजवळ नाहीसा झाला. समाधानात फवारणी थांबली, लक्ष सुटलं. बरा झाल्यावर कातडीवर डाग उठलेल्या माणसांमध्ये परजीवी वर्षानुवर्षं टिकून राहिला. सत्तरच्या दशकात बिहारमध्ये साथ पुन्हा उसळली. १९९२ साली देशात ७७,१०२ रुग्ण नोंदले गेले. पुढे डीडीटीलाही माश्या सरावल्या आणि दुसरं कीटकनाशक आणावं लागलं.

आज पुन्हा यश जवळ आहे. पटकन निदान करणारी चाचणी आली, अँफोटेरिसिनच्या एकाच मात्रेचा उपचार आला. वर्षाकाठी रुग्ण शेकड्यांवर आले आहेत. २०२३ साली बांगलादेशाने उच्चाटनाचा टप्पा गाठल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. नेमका हाच क्षण जोखमीचा आहे. रुग्ण कमी झाले की पैसा कमी होतो, आणि सर्वांत आधी बंद पडतं ते माश्या गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखण्याचं काम. हे कौशल्य वर्षांच्या सरावाने हाताला येतं; साथ आल्यावर ते बाजारातून विकत मिळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे आजार होता, तिथे तो संपल्यावरही दरवर्षी गोठे आणि घरं तपासली जावीत. डाग असलेला प्रत्येक रुग्ण शोधून त्याचा उपचार पूर्ण करावा. आणि प्रत्येक विद्यापीठात कीटकांची जात ओळखणारा एक तरी तरुण तयार व्हावा. ज्यांच्या घरी आजार शिरतो ते बहुतेक मातीच्या घरात राहणारे, हातावर पोट असणारे लोक आहेत. मजुरीला जाणाऱ्या माणसाच्या एका तापाने त्यांचं घर बसतं. रुग्णांचा आकडा शून्यावर आला तरी त्यांच्या घरांवर आपली नजर राहिली पाहिजे.