प्रौढांच्या शिक्षणाचा खर्च कोणीं सोसावा?

सुशिक्षित घरांत शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, पुस्तकें आणि फार तर वसतिगृहाचें बिल, अशी समजूत असते. मुलाला कॉलेजांत घालावयाचें झालें म्हणजे वडील तेवढ्याची तरतूद करतात. ती अपुरी पडली तर बँकेकडे जातात. परंतु तिशी-चाळिशी गांठलेल्या कामकऱ्यानें शिकावयाचें मनांत आणलें, तर हिशेब अगदीं निराळा होतो. फीची रक्कम खालीं जाते आणि सर्वांत वर दुसरीच बाब चढते. ती बाब म्हणजे बुडालेली मजुरी. प्रौढांच्या शिक्षणाला पैसा कोणीं आणि कोणत्या रूपानें पुरवावा, याचें उत्तर या एका बाबीवर अवलंबून आहे.

सोलापूर शहराचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली. तिलाच लोक पुढें जुनी मिल म्हणूं लागले. कालांतरानें जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि कित्येक घरांतील पिढीजात कसबाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. राहिले ते चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग, आणि हजारों स्त्रियांच्या हातीं राहिलें विड्या वळण्याचें काम. विडी-कामगार बाई तेंदूचीं पानें व तंबाखू घरीं आणते, विड्या वळून कारखान्यांत पोंचविते, आणि तिला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबानें. तिला वर्गांतील दोन तास म्हणजे तेवढ्या विड्या कमी. शिवाय यांतील पुष्कळ कुटुंबांची घरची भाषा तेलुगु; मराठीतून शिकावयाचें तर वेळ अधिकच लागतो. वर्ग फुकट असूनहि बाया येत कां नाहींत, असें विचारणाराच्या ध्यानांत ही गोष्ट सहसा येत नाहीं.

महाराष्ट्रांतील थोर शिक्षणकर्त्यांच्या मात्र ती केव्हांच ध्यानांत आली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. दिवसाची मजुरी बुडूं नये, ही सोय तिच्या वेळेंतच होती. पुढें १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं पैशाचाच प्रश्न उभा केला. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरीं पडतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला, तोहि याच अडचणींतून.

आतां सरकारी पैशाचा विचार करूं गेल्यास काय दिसतें? २ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९८८ सालीं राष्ट्रीय साक्षरता मिशन आलें. त्यानंतर २०२२ ते २०२७ या पांच आर्थिक वर्षांसाठीं नवभारत साक्षरता कार्यक्रम आंखण्यांत आला. त्यासाठीं केंद्र व राज्यें मिळून १०३७.९० कोटि रुपयांची तरतूद झाली आणि ५ कोटि प्रौढांना शिकविण्याचें उद्दिष्ट ठरलें. भागाकार केला तर माणशीं सुमारें २०८ रुपये पडतात. शिकविण्याचें काम स्वयंसेवकांवर सोंपविलेलें आहे. त्यांचा सेवाभाव आदरणीय खरा. परंतु या हिशेबांत शिकणाराच्या बुडालेल्या मजुरीला जागाच नाहीं.

विडी-कामगारांपुरता एक स्वतंत्र निधि होता. १९७६ च्या कायद्यान्वयें विड्यांवर उपकर बसला, आणि त्यांतून दवाखाने, घरें व शिष्यवृत्त्या यांची सोय झाली. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला आणि हा उपकर गेला. कल्याणाचा भार सर्वसाधारण अंदाजपत्रकावर पडला. या योजनेंतील शिष्यवृत्त्या कामगारांच्या मुलांसाठीं आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु जिच्या बोटांनीं विड्या वळल्या, तिनें स्वतः शिकूं म्हटलें तर तिच्यासाठीं त्या योजनेंत शिष्यवृत्ति नाहीं.

मग कर्ज कां काढूं नये? शैक्षणिक कर्जाची आपल्याकडील रीत तरुण विद्यार्थ्याच्या मापानें बेतलेली आहे. अभ्यासक्रम संपून वर्ष लोटेपर्यंत हप्ता नसतो. पुढें नोकरीचीं तीस-पस्तीस वर्षें असतात, त्यांत कर्ज सहज फिटतें. २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेंत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजांत ३ टक्के सवलत ठेविली. परंतु ती निवडक उच्च शिक्षण-संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना. छोट्या अभ्यासक्रमांसाठीं २०१५ सालीं कौशल्य-कर्ज योजना निघाली. तिची मर्यादा आरंभीं ५ हजारांपासून दीड लाखापर्यंत होती. २०२४ सालीं ती साडेसात लाखांवर नेण्यांत आली. मर्यादा वाढली, परंतु हप्त्याचें स्वरूप तेंच राहिलें. ज्याची मजुरी आज आहे आणि उद्यां नाहीं, त्याच्या दारांत हप्ता मात्र नेमानें उभा राहतो.

परदेशांतील अनुभवहि हेंच सांगतो. इंग्लंडमध्यें २०१३ सालीं चोवीस वर्षें व त्यांवरील वयाच्या विद्यार्थ्यांसाठीं, आपल्या बारावीच्या तोडीच्या व त्यावरच्या अभ्यासक्रमांचें अनुदान काढून त्या जागीं कर्ज आणलें. अटी सौम्य होत्या. उत्पन्न ठराविक मर्यादेवर गेलें तरच, आणि वरच्या रकमेच्या नऊ टक्केच, परतफेड करावयाची. तरीहि कारखान्यांतील प्रौढ उमेदवारांनीं या कर्जाकडे पाठ फिरविली, आणि २०१४ सालीं त्यांच्यापुरती योजना मागें घ्यावी लागली. २०२१ सालीं तेथील सरकारनें ती पात्रता नसलेल्या प्रौढांना कित्येक अभ्यासक्रम पुन्हां विनामूल्य केले. वय वाढलेला माणूस नव्या कर्जाला भितो, याचा हा पुरावा आहे.

यावरून एक क्रम निघतो. अक्षरओळखीपासून शालान्त परीक्षेपर्यंतचा खर्च, बुडालेल्या मजुरीच्या कांहीं भागासह, सार्वजनिक निधींतून व्हावा. कारण त्याचा लाभ साऱ्या समाजाला होतो. ज्या शिक्षणानें मिळकत निश्चित वाढते, तेथें कर्ज असावें. परंतु हप्ता मिळकतीबरोबर कमी-अधिक होणारा असावा. आणि मालकवर्गानें आपला वाटा पगारी तासांच्या रूपानें द्यावा.

अशा भागीदारीचा नमुना सोलापूरजवळच आहे. कुंभारी येथें विडी-कामगार स्त्रियांसाठीं १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. केंद्र, राज्य आणि कामगार स्त्रिया अशा तिघांच्या पैशांतून तीं घरें झालीं, आणि २००६ सालीं त्यांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. वसाहतीला नांव दिलें तें गोदूताई परुळेकर यांचें. १९३७ च्या सुमारास महाराष्ट्रांत साक्षरतेची मोहीम चालविणाऱ्या त्याच ह्या गोदूताई. घरासाठीं तिघांचा वाटा ठरूं शकतो, तर त्याच घरांतील बाईच्या शिक्षणासाठीं तो कां ठरूं नये? ज्यांच्या कारखान्यांत वा घरीं मजुरीचीं माणसें राबतात, त्यांना याचा आरंभ सरकारी हुकुमाची वाट न पाहतां करतां येईल. आठवड्यांतून दोन तास वर्गाला जाऊं देऊन मजुरी न कापणें, एवढ्यानेंहि पहिला वाटा दिल्यासारखें होईल.