दोन गेंडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एखादे चित्र बारीक काम केलेले दिसले की आपण लगेच म्हणतो, ‘अगदी हुबेहूब!’ पण मूळ वस्तू डोळ्यांनी न पाहताही असे चित्र काढता येते. त्याची ही हकीकत ऐका.

१५१५ साली गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. जर्मनीतल्या ड्यूरर या थोर चित्रकाराने तो कधी पाहिला नाही. त्याच्या हाती आले एक वर्णन आणि एक कच्चे रेखाटन. तेवढ्यावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. गेंड्याच्या कातडीला जाड घड्या असतात. त्यांचे त्याने चिलखताचे पत्रे केले, पायांवर खवले काढले आणि पाठीवर, खांद्यापाशी, एक जादा शिंगही बसवून दिले! पण काम असे रेखीव की शंका घ्यायला कोणी धजेना. पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपातल्या पुस्तकांतून हेच स्वप्नातले जनावर गेंडा म्हणून मिरवत होते. बिचारा खरा गेंडा मात्र पुढच्याच वर्षी इटलीजवळ जहाज फुटून बुडाला.

आता पुण्यास या. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७९० साली, गंगाराम चिंतामण तांबट या आपल्या माणसाने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर पाहून रंगविला. त्याला खांद्यावरचे शिंग कोठून सुचणार? इंग्रजांचा पुण्यातील वकील मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची लेणीही काढली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ड्यूररचे नाव जगभर झाले. गंगारामचे नाव येथे किती जणींनी ऐकले होते? मला याचे वाईट वाटते.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपले भरतकाम. टाके सुरेख, रंगसंगती सुरेख. पण गुलाब नमुन्याच्या पुस्तकातला, आणि मोराचा पिसाराही तेथलाच. आपल्या डोंगरांत कारवी आहे. तिच्या काठ्यांचे कूड आपल्या सासू-आज्यांनी लिंपले. सात वर्षांनी एकदा ती जांभळी फुलते. पुढच्या प्रदर्शनासाठी कारवीची एक डहाळी समोर ठेवून कोणी भरेल का? पानांच्या कडेला दाते असतात, आणि पाने देठावर समोरासमोर येतात की आलटूनपालटून, ते पाहिल्यावाचून सुईत दोरा ओवू नये.