न दिसणारा खर्च : अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री आणि तिचे श्रम
(व्याख्यानाचा मजकूर)



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचरणी लोकांना अर्पण केला. त्या देशातील कृष्णवर्णीयांचा प्रश्न महाराष्ट्राला तेव्हापासून परका नाही. तेथे १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. परंतु माणूस कायद्याने मुक्त झाला म्हणून त्याच्या श्रमाला लगेच योग्य मोल मिळू लागते, असे नाही. कृष्णवर्णीय स्त्रीला तर वर्ण आणि स्त्रीत्व या दोहोंचीही किंमत मोजावी लागली आणि त्यातील बराच भाग कोणत्याही हिशेबवहीत चढला नाही. त्या न दिसणाऱ्या खर्चाचा हा विचार आहे.

धुण्याचे मोल

मुक्तीनंतर दक्षिणेकडील शहरांत या स्त्रियांना मुख्यतः स्वयंपाक, मुले सांभाळणे आणि धुणे हीच कामे खुली होती. अटलांटा शहरातील धोबिणी महिन्याला चार ते आठ डॉलर मिळवीत. पाणी त्यांनीच वाहून आणावयाचे, साबण आणि खळ घरीच तयार करावयाची, पिंपे कापून टब बनवावयाचे. मिळालेल्या मजुरीतून हा खर्च वजा केला तर हाती काय उरे, याची नोंद कोणी ठेवीत नसे. १८८१ च्या जुलैमध्ये सुमारे वीस स्त्रियांनी संघटना उभारून एकसमान दराची मागणी केली व संप पुकारला. तीन आठवड्यांत ही संख्या सुमारे तीन हजारांवर गेली. संप मोडण्यासाठी प्रत्येक धोबिणीवर पंचवीस डॉलर परवाना शुल्क बसविण्याचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला. त्यावर, शुल्क भरू, पण दर आम्हीच ठरवू, असे त्यांनी महापौरांना लेखी कळविले. अखेर परिषदेने तो प्रस्ताव फेटाळला.

कायद्याच्या कुंपणाबाहेर

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेतील कामगारांना वार्धक्यात निवृत्तिवेतनाचा आधार दिला. मात्र शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळण्यात आले. किमान वेतन ठरविणाऱ्या १९३८ च्या कायद्याचे संरक्षणही घरकामगारांपर्यंत पोहोचले नाही. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. तथापि ज्या कामांत कृष्णवर्णीय स्त्रिया सर्वाधिक होत्या, नेमकी तीच बाहेर राहिली. नियमित घरकामगारांना निवृत्तिवेतनाचे द्वार १९५० च्या दुरुस्तीने उघडले. किमान वेतन मात्र १९७४ मध्ये लागू झाले. मधल्या वर्षांत ज्यांचे उमेदीचे वय सरले, त्यांचे म्हातारपण मुलांच्या मिळकतीवर पडले. म्हणजे एका पिढीला नाकारलेल्या हक्काचा बोजा पुढील पिढीने उचलला.

दोन रकान्यांच्या मधोमध

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील वर्णभेद व लिंगभेद यांना मनाई केली. तरीही एक पोकळी उरली. जनरल मोटर्सच्या सेंट लुईस येथील कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ घेतलेच नव्हते. पुढे मंदीत शेवटी आलेल्यांना प्रथम कमी करण्यात आले, आणि १९७० नंतर लागलेल्या या स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतील पाच जणी न्यायालयात गेल्या. कंपनीने स्त्रियांना, म्हणजे गोऱ्या स्त्रियांना, कामावर घेतले होते; सबब लिंगभेद नाही. वर्णभेदाची तक्रार स्वतंत्रपणे करावी. दोन्ही तक्रारी एकत्र करून नवा वर्ग निर्माण करता येणार नाही, असा निर्णय १९७६ मध्ये लागला. या निवाड्याची चिकित्सा करूनच कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा मांडली. दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथे उभ्या असलेल्या व्यक्तीला दोन्हीकडून धक्का बसतो, हा तिचा साधा अर्थ.

देहावर पडणारा भार

२०२२ साली पूर्ण वेळ काम करणाऱ्या गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे कृष्णवर्णीय स्त्रीला सुमारे ६९ सेंट आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रीला सुमारे ५७ सेंट मिळत होते. ही तफावत निदान आकड्यांत दिसते. आरोग्यातील तफावत त्याहून भीषण आहे. २०२३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांत १४.५, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३ होते. क्षुल्लक वाटणारी बाब केसांची : नैसर्गिक कुरळे केस ‘नीटनेटके’ नाहीत, या समजुतीपायी ते सरळ करून घेण्यात पैसा आणि वेळ जाई, न केल्यास नोकरीची संधी दुरावे. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा प्रथम कॅलिफोर्निया राज्याने केला, तोही २०१९ मध्ये.

संघटनेची वाट

१९६८ मध्ये अटलांटातच डोरोथी बोल्डेन यांनी घरकामगार स्त्रियांची संघटना स्थापन केली. लहानपणापासून घरकाम केलेल्या या बाईंनी सभासदत्वासाठी एक अट घातली : मतदार यादीत नाव नोंदविलेले असावे. मजुरीची मागणी आणि नागरिकत्वाचा हक्क यांची सांगड घालणारी ही दृष्टी मोलाची आहे.

महाराष्ट्रानेही २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. मात्र कोणत्याही कल्याणाची पहिली पायरी नोंद हीच असते. स्त्रिया किती आणि दुर्बल घटकांतील व्यक्ती किती, असे दोन वेगळे रकाने भरल्याने दुर्बल घटकांतील स्त्रिया किती, हे कळत नाही. शिक्षकाने हजेरीपटात, ग्रामसेवकाने नोंदवहीत आणि सदस्याने ग्रामसभेत हा तिसरा रकाना मागितला, तर खर्च कोणावर पडतो हे दिसू लागेल. आणि जे दिसते त्याची जबाबदारी टाळणे कोणालाही अवघड जाते.